‘हो’ काढून घेणारे प्रश्न

25 जानेवारी 1990 च्या रात्री न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरू पाहणाऱ्या एका बोइंग 707 विमानाला कंट्रोलरने रेडिओवरून एक साधा प्रश्न विचारला. विमान कोलंबियाच्या एव्हियान्का कंपनीचं, मेडेयीनहून आलेलं, फ्लाइट 52. हवा वाईट होती. वाटेत तीनदा थांबवून सव्वा तासाहून जास्त घिरट्या घालायला लावल्या होत्या, आणि उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून देऊन विमान पुन्हा वर चढलं होतं. कंट्रोलर म्हणाला, तुम्हाला साधारण पंधरा मैल ईशान्येला नेतो आणि तिथून परत वळवून आणतो, ‘इज दॅट फाइन विथ यू अँड युअर फ्युएल?’ सहवैमानिकाने उत्तर दिलं, ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.’ त्यानंतर काही मिनिटांतच टाक्या कोरड्या पडून इंजिनं बंद झाली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक या वस्तीत कोसळलं. विमानातल्या 158 माणसांपैकी 73 गेली.

कंट्रोलरच्या प्रश्नात व्याकरणाचा दोष नव्हता, उलट त्यात काळजीच होती. पण त्याची घडण पाहण्यासारखी आहे. बेत आधीच ठरलेला आहे आणि शेवटी फक्त संमतीपुरती जागा मोकळी ठेवली आहे. अशा प्रश्नाला ‘हो’ म्हणायला काही कष्ट पडत नाहीत. ‘नाही’ म्हणायचं तर समोरच्याचा ठरलेला बेत मोडावा लागतो, तोही परक्या भाषेत, धावपळीच्या विमानतळावर, अधिकाराच्या आवाजासमोर.

कॉकपिटच्या आतही त्या रात्री असंच घडलं होतं. कॅप्टनने स्पॅनिशमध्ये सांगितलं, आपण इमर्जन्सीत आहोत असं त्यांना कळव. सहवैमानिकाने रेडिओवर कळवलं ते ‘वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल’ एवढंच. ‘इमर्जन्सी’ हा शब्द आलाच नाही. इंधन कमी होतंय ही तक्रार त्या रात्री घिरट्या घालणाऱ्या कुठल्याही विमानाने केली असती, त्यामुळे कंट्रोलरच्या कानाला ती वेगळी लागली नाही. थोड्या वेळाने कॅप्टनने विचारलं, सांगितलंस का त्यांना? ‘हो सर, सांगितलं.’ हे उत्तर खोटं नव्हतं. कॅप्टनचा प्रश्न ‘काय सांगितलंस?’ असा असता, तर गाळलेला शब्द तिथल्या तिथे उघडा पडला असता. पुढे अमेरिकी चौकशी मंडळाने वैमानिकांना दोष दिला, आणि इंधनाच्या अडचणीसाठी सर्वांना एकाच अर्थाने कळतील असे ठरलेले शब्द नव्हते हेही नोंदवलं. आज ‘मिनिमम फ्युएल’ आणि ‘मेडे फ्युएल’ असे दोन वेगळे, पक्के शब्दप्रयोग आहेत.

इंग्रजीत खात्री करून घ्यायचे शेकडो शब्दप्रयोग सापडतील, पण बारकाईने पाहिलं तर त्यांची दोनच घराणी आहेत. एक समोरच्याकडून ‘हो’ काढून घेतं. दुसरं समोरच्याला वस्तुस्थिती स्वतःच्या तोंडाने सांगायला लावतं. रोजच्या बोलण्यात पहिल्याचं राज्य आहे. ज्या धंद्यांत चुकीच्या ‘हो’ची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते, त्यांनी दुसरं घराणं मुद्दाम घडवलं आहे, आणि तेही बहुतेकदा एखाद्या मोठ्या अपघातानंतर.

पहिल्या घराण्याचा मानकरी म्हणजे आपल्या शाळेतला क्वेश्चन टॅग. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘ॲड अ क्वेश्चन टॅग’ हा प्रश्न सोडवलेल्यांना आठवेल, की हे भाषेपेक्षा गणिताच्या जास्त जवळ आहे. वाक्यातलं साहाय्यक क्रियापद शोधायचं, नसेल तर ‘डू’ आणायचं, होकार असेल तर नकार करायचा, नकार असेल तर होकार, आणि शेवटी कर्त्याचं सर्वनाम लावायचं. ‘यू आर कमिंग, आरन्ट यू?’ ‘शी डिडन्ट कॉल, डिड शी?’ वर अपवाद आहेतच. ‘आय ॲम लेट’चा टॅग ‘आरन्ट आय’ कसा होतो, याचं समाधानकारक उत्तर वर्गात कुणी देत नाही.

बाकीच्या भाषांनी एवढा खटाटोप ठेवलेला नाही. फ्रेंच माणूस कुठल्याही वाक्यापुढे ‘नेस पा’ लावतो, जर्मन ‘निश्त वार’, हिंदीभाषक ‘है ना’. आपल्याकडे नुसता ‘ना’ पुरतो: ‘येतोयस ना?’, ‘दूध तापवलं ना?’ त्यामुळे भारतीय माणसाने इंग्रजी बोलताना ‘यू आर कमिंग टुमॉरो, इझन्ट इट?’ असा एकच टॅग सगळीकडे चालवला, यात नवल नाही. मास्तर त्यावर लाल शाई ओततात. गंमत अशी की लंडनच्या रस्त्यांवरच्या पोरांनीही ‘इझन्ट इट’ झिजवून ‘इनिट’ केलं आणि कुठल्याही वाक्याला चिकटवलं. माझ्या मते आपल्या ‘इझन्ट इट’ने अर्थाचं काहीही बिघडत नाही. परीक्षेत गुण जातील, एवढंच.

शाळा टॅगचं रूप तपासते, पण खरी गोम सुरात आहे आणि ती पेपरात विचारता येत नाही. ‘यू लॉक्ड द डोअर, डिडन्ट यू?’ यात शेवटचा सूर वर गेला तर विचारणाऱ्याला खरंच शंका आहे. सूर खाली आला तर त्याला शंका नाहीच, त्याला फक्त दुजोरा हवा आहे. मराठी माणसाचं इंग्रजी बहुधा छापील पुस्तकातून येतं, त्यामुळे हे दोन सूर आपल्याकडून एकमेकांत मिसळतात. मग आपण मनापासून विचारलेली शंका समोरच्याला नुसती होकाराची मागणी वाटते.

या टॅगवरून भाषाशास्त्रात एक मजेदार वादही झाला. रॉबिन लेकॉफ यांनी 1975 च्या ‘लँग्वेज अँड वुमन्स प्लेस’ या पुस्तकात असं मांडलं, की बायकांच्या बोलण्यात टॅग जास्त येतात, कारण ठामपणे बोलायची मोकळीक समाज त्यांना देत नाही. त्याच वर्षी बेटी लू द्युब्वा आणि इझाबेल क्राउच यांनी एका विद्वत्सभेतली संभाषणं तपासली, तर तिथले सगळे टॅग पुरुषांच्या तोंडचे निघाले. त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच एक टॅग घालून ठेवला, हे विशेष. पुढे न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी दाखवलं की टॅग नुसते मोजून भागत नाही, तो कशासाठी वापरलाय हे पाहावं लागतं. शंका म्हणून वापरलेला टॅग वेगळा, आणि गप्प बसलेल्याला बोलतं करण्यासाठी यजमानाने किंवा शिक्षकाने वापरलेला वेगळा.

तिसरा उपयोग वकील जाणतात. उलटतपासणीत ‘यू वेअर स्टँडिंग देअर, वेअरन्ट यू?’ असं म्हणत साक्षीदाराला एकेका ‘येस’ने पुढे सरकवत न्यायचं, हे इंग्लिश कोर्टाचं जुनं कसब. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याने अशा प्रश्नाची व्याख्याच केली: विचारणाऱ्याला जे उत्तर हवं आहे किंवा अपेक्षित आहे ते सुचवणारा प्रश्न. सरतपासणीत समोरच्या बाजूने हरकत घेतली तर तो सहसा विचारता येत नाही, उलटतपासणीत येतो. 2023 चा भारतीय साक्ष्य अधिनियम आला तरी हा भेद टिकला. म्हणजे काही प्रश्न माहिती काढत नाहीत, ते उत्तर तोंडात घालतात, हे कायद्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्या वर्गांना अजून तितकंसं ठाऊक झालेलं नाही. ‘समजलं ना?’ असं गुरुजींनी विचारलं की आख्खा वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो, आणि गुरुजी फळा पुसतात.

‘हो’मध्ये आणखी एक खड्डा आहे, तो नकारार्थी प्रश्नाचा. ऑफिसात कुणी विचारतं, ‘यू हॅवन्ट रिसीव्ह्ड द फाइल?’ आपण म्हणतो, ‘येस.’ आपल्या मनात असतं, ‘बरोबर, नाही मिळाली.’ मराठीत हे सहज खपतं: ‘फाइल नाही मिळाली?’ ‘हो, नाही मिळाली.’ आपला ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीचा ‘येस’ वस्तुस्थितीला असतो, म्हणून ऐकणारा समजतो की फाइल मिळाली. जपानी माणसाचा ‘हाय’ही याच कारणाने परदेशी पाहुण्यांना चकवतो.

इंग्रजीची ही जागा पूर्वी इतकी निसरडी नव्हती. जुन्या इंग्रजीत होकार-नकाराचे चार शब्द होते. साध्या प्रश्नाला ‘ये’ किंवा ‘ने’, आणि नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ किंवा ‘नो’. ‘तो आला नाही का?’ याला ‘येस’ म्हटलं की ‘आला की!’ असाच अर्थ, दुसरा होऊच शकत नव्हता. सोळाव्या शतकात ही शिस्त ढिली झाली. 1532 मध्ये टॉमस मोर यांनी बायबलचा भाषांतरकार विल्यम टिंडेल याला, इतर अनेक पापांबरोबर, ‘नो’ आणि ‘ने’ यांतला फरक कळत नाही म्हणूनही झोडपलं. पुढे चारांतले दोन शब्द गळाले. फ्रेंचांनी मात्र नकार खोडून काढणारा ‘सी’ जपला, जर्मनांनी ‘डोख’, डच लोकांनी ‘यावेल’.

यातला शेवटचा शब्द विमानवाहतुकीच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. 27 मार्च 1977, कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ. शेजारच्या ग्रान कनारियाच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्याने तिकडची विमानं लोस रोदेओस या छोट्या विमानतळावर वळवली होती. तिथे एकच धावपट्टी, तिच्यापर्यंत जाणारा रस्ता उभ्या विमानांनी अडलेला, आणि वरून दाट धुकं. केएलएमचं जम्बो उड्डाणासाठी धावपट्टीच्या टोकाला उभं होतं. पॅन ॲमचं दुसरं जम्बो त्याच धावपट्टीवरून सरकत समोरून येत होतं. दोघे एकमेकांना दिसत नव्हते, आणि टॉवरला दोघेही दिसत नव्हते.

टॉवरने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग कळवला. उड्डाणाची परवानगी अजून दिली नव्हती. केएलएमच्या सहवैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवल्या आणि शेवटी जोडलं, ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ.’ याचा अर्थ आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत, की उड्डाण करायला लागलो आहोत? डच भाषेत चालू क्रिया सांगण्याची जी धाटणी आहे ती शब्दशः उचलली तर इंग्रजीत ‘ॲट’ येतो, असं स्पष्टीकरण पुढे दिलं गेलं. टॉवरमधल्या स्पॅनिश कंट्रोलरने पहिला अर्थ घेतला आणि म्हटलं, ‘ओके.’ मग क्षणभर थांबून, उड्डाणासाठी थांबा, मी कळवतो. नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमचा वैमानिकही, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत, असं सांगत होता. दोन आवाज एकाच लहरीवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर बरीचशी नुसती शिट्टी ऐकू गेली.

तरीही एक संधी उरली होती. टॉवर आणि पॅन ॲम यांच्यातलं पुढचं बोलणं केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने ऐकलं. विमान वेग घेत होतं. त्याने डचमध्ये विचारलं, तो अजून बाजूला झालेला नाही का, तो पॅन अमेरिकन? कॅप्टन म्हणाला, ‘यावेल.’ झालाय की! नकार खोडून काढायला खास ठेवलेला तो शब्द अत्यंत स्पष्ट होता आणि पूर्णपणे चुकीचा. कॅप्टन याकोब वेल्डहाउझेन व्हान झान्टन कंपनीचे 747 वरचे वरिष्ठ प्रशिक्षक होते, जाहिरातींतही त्यांचा चेहरा झळकत असे. त्या ठाम शब्दापुढे इंजिनिअर गप्प झाला. काही सेकंदांनी दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. 583 माणसं मेली. प्रवासी विमानांच्या अपघातांत हा आकडा आजही सर्वांत मोठा आहे.

भाषेची गल्लत हे या अपघाताचं एकमेव कारण नव्हतं. धुकं होतं, उशीर होत होता, कामाचे तास संपत आले होते, वरिष्ठांचा दरारा होता. पण रेडिओवरच्या इंग्रजीची शिस्त त्यानंतर कडक झाली. ‘टेकऑफ’ हा शब्द आता फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

या शिस्तीत खात्री करण्याचे शब्द एकेक नेमून दिले आहेत. ‘रोजर’चा अर्थ फक्त, तुमचा निरोप पूर्ण मिळाला. तो कळला किंवा मान्य आहे, असं ‘रोजर’ सांगत नाही, म्हणूनच हो-नाहीच्या प्रश्नाला किंवा परत म्हणायच्या सूचनेला ‘रोजर’ने उत्तर द्यायला मनाई आहे. सिनेमातले वैमानिक ऊठसूट ‘रोजर’ म्हणतात ते सोडून द्या. मिळाला आणि त्याप्रमाणे करतो, यासाठी ‘विल्को’. होकारासाठी ‘अफर्म’. खरखरीत शेपूट तेवढंच ऐकू आलं तर ‘अफर्मेटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ सारखेच वाटतात, म्हणून होकाराचं शेपूट कापून टाकलं. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’. आणि उंची किंवा दिशा तपासायची तर आकडा आपण सुचवायचा नाही. ‘तुम्ही दहा हजारांवर आहात ना?’ असं न विचारता अमेरिकी कंट्रोलर म्हणतो, ‘से ऑल्टिट्यूड.’ आकडा समोरच्याने काट्याकडे बघून सांगायचा.

कणा मात्र रीडबॅकचा. मंजुरी मिळालेली धावपट्टी, उंची, दिशा हे सगळं वैमानिक परत म्हणून दाखवतो आणि कंट्रोलर ते आपल्या शब्दांशी ताडून पाहतो. यातला दुसरा अर्धा भाग विसरला की काय होतं, ते 19 फेब्रुवारी 1989 ला क्वालालंपूरजवळ दिसलं. फ्लाइंग टायगरच्या मालवाहू 747 ला कंट्रोलरने सांगितलं, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो.’ म्हणजे 2,400 फुटांपर्यंत खाली या. इंग्रजीत दोनचा ‘टू’ आणि ‘पर्यंत’चा ‘टू’ कानाला एकच. वैमानिकाने ऐकलं, 400 फुटांपर्यंत. त्याने ‘ओके, फोर झीरो झीरो’ असं परतही म्हटलं. चूक कंट्रोलरच्या कानावर पडली, पण त्याने ती पकडली नाही, कारण आपण बोललो तेच ऐकू येणार अशी कानाची खात्री झालेली असते. विमान टेकडीवर आपटलं, चौघेही गेले. आजच्या रीतीने ही उंची ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ अशी सांगायची.

भारताच्या आकाशातली मोठी किंमत 12 नोव्हेंबर 1996 ला मोजली गेली. दिल्लीजवळ चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं जम्बो आणि कझाकस्तानचं इल्युशिन 76 हवेतच धडकले. 349 बळी. सौदी विमानाला 14,000 फुटांची मर्यादा होती, कझाक विमानाला 15,000 ची. कझाक विमानात इंग्रजी बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं आणि त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. विमान ठरलेल्या उंचीखाली घसरलं. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने याच विमानाला जबाबदार धरलं आणि त्याच्या चमूच्या तोकड्या इंग्रजीवरही बोट ठेवलं.

यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने भाषेची परीक्षा आणली. 5 मार्च 2008 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या कंट्रोलरना सहापैकी किमान चौथी पायरी गाठावी लागते. त्या पायरीच्या वर्णनात उच्चार, शब्दसंग्रह, ओघ यांच्याबरोबर एक कसोटी अशी आहे: गैरसमज झाल्यासारखा वाटला तर तपासून, खात्री करून किंवा खुलासा मागून तो दूर करता येतो का? आपल्या इंग्रजीच्या कुठल्याही परीक्षेत मी ही कसोटी पाहिलेली नाही. तिथे ‘मला कळलं नाही’ म्हणणाऱ्याचे गुणच कापले जातात.

समुद्रावर हीच गोष्ट आणखी सोप्या रीतीने सोडवली आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कित्येक घरांत बोटीवर नोकरी केलेला माणूस असतो. त्याला हे शिकवायला नको. एका बोटीवर पाच-सहा देशांची माणसं असतात आणि सगळ्यांचं इंग्रजी आपापल्या गावचं. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने दळणवळणाची प्रमाण वाक्यं मंजूर केली, त्यात उत्तराचा नियम आहे: नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणायचं नाही, त्यापुढे पूर्ण वाक्य बोलायचं. ‘नो, माय अँकर इज नॉट क्लिअर.’ टॉमस मोरपासून चाललेला घोळ एका फटक्यात निकालात. सुकाणू धरणाराही हुकूम आधी मोठ्याने परत म्हणतो, आणि चक्र तिथवर आलं की तसं पुन्हा सांगतो.

रेल्वेने तर शब्दांवर विसंबणंच कमी केलं. मुंबईच्या लोकलमध्ये गार्ड, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, घंटीचे दोन ठोके देतो आणि मोटरमन तेच दोन ठोके परत देतो. मग गाडी हलते. स्टेशन मास्तर फाटकावरच्या गेटमनला फाटक बंद करायला सांगतो, तेव्हा गेटमनचं ‘हो, केलं’ पुरत नाही. त्याच्याकडे आकड्यांचा एक छापील तक्ता असतो. फाटक लावून झालं की त्यातला पुढचा आकडा, ‘प्रायव्हेट नंबर’, तो फोनवर देतो, आपल्याकडचा खोडतो, आणि मास्तर तो नोंदवहीत लिहितो. ‘हो’ झोपेतही म्हणता येतं. तो आकडा सांगायला मात्र उठून तक्त्याकडे बघावंच लागतं, आणि पुढे काही घडलं तर तो कुणी दिला हेही नोंदीत सापडतं.

दवाखान्यांनी हा धडा उशिरा घेतला. पेशंटला ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारणं कोल्हापुरात किती धोक्याचं आहे, हे सांगायला नको. शिवाय गुंगीत असलेला किंवा घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो. म्हणून पूर्ण नाव त्याच्याच तोंडून वदवायचं, हातावरच्या पट्टीशी ताडायचं, कुठल्या बाजूचं ऑपरेशन हेही त्यालाच सांगायला लावायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासयादी आणली, तिची सुरुवातच ओळख, जागा आणि शस्त्रक्रिया यांच्या खात्रीने होते. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं, असा अहवाल जानेवारी 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळं श्रेय एका प्रश्नाचं नाही, यादीत इतरही बरंच आहे.

आता विमान, बोट, ऑपरेशन थिएटर सोडून पुण्यातल्या एखाद्या कंपनीतून परदेशी क्लायंटशी चाललेल्या कॉलकडे येऊ. इथे मराठी माणसाची पहिली अडचण भाषेची नसते, संकोचाची असते. पुन्हा विचारलं तर आपलं इंग्रजी कच्चं ठरेल, ही भीती. नेदरलँड्सचे मार्क डिंगमान्सं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये बारा भाषांतली रोजची संभाषणं मोजली, तर आपल्याच भाषेत बोलणारी माणसंसुद्धा सरासरी दर 1.4 मिनिटांनी एकमेकांना ‘काय म्हणालास?’ असं कुठल्या ना कुठल्या प्रकारे विचारतात. आपल्या ‘आँ?’ला इंग्रजीत ‘हं?’ आहे, आणि त्याचे सख्खे भाऊ जगभर सापडतात. तेव्हा लाजायचं कारण नाही.

कसं विचारायचं, याला मात्र प्रतवारी आहे. सगळ्यात कमजोर म्हणजे ‘पार्डन?’ किंवा आपलं खास ‘कम अगेन?’ समोरच्याला कळत नाही की काय सुटलं, म्हणून तो सगळं पुन्हा त्याच वेगाने बोलतो. ‘सॉरी, आय मिस्ड द डेट’ हे बरं, कारण हरवलेली जागा दाखवली. त्याहून चांगलं म्हणजे ऐकलेलं म्हणून दाखवायचं आणि सुटलेल्या जागी सूर वर नेऊन थांबायचं: ‘यू वॉन्ट द रिपोर्ट बाय…?’ समोरचा तेवढाच शब्द भरतो. आणि अर्थाची शंका असेल तर आपला अर्थ मांडायचा: ‘बाय नेक्स्ट फ्रायडे, डू यू मीन द ट्वेल्फ्थ ऑर द नाइन्टीन्थ?’ इथे दोन पर्याय दिल्याने नुसत्या ‘येस’ने सुटका होत नाही.

आकड्यांत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ रोज गळे कापतात. ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?’ हा प्रश्न उद्धट नाही. तारीख 5/6 अशी लिहून आली, तर अमेरिकी माणसाची ती 6 मे आणि आपली 5 जून. महिन्याचं नाव अक्षरांत मागा. कॉल संपताना ‘सो वी आर ऑल क्लिअर, राइट?’ म्हणून टाळ्या घेण्याऐवजी आपलं काम आपण म्हणून दाखवावं: फाइल मी पाठवणार, शुक्रवारी, भारताच्या वेळेने संध्याकाळी सहापर्यंत. मग त्यांना विचारावं, ‘अँड व्हॉट डू यू हॅव ऑन युअर साइड?’

राहता राहिलं ईमेलमधलं ‘काइंडली कन्फर्म’. त्याला उत्तर येतं ‘कन्फर्म्ड’, किंवा आजकाल नुसता अंगठा. काय कन्फर्म झालं? दहा ओळींच्या मेलमध्ये तीन तारखा, दोन रकमा आणि एक पत्ता होता, त्यातलं त्याने नेमकं काय वाचलं? त्यापेक्षा ‘प्लीज रिप्लाय विथ द अमाउंट अँड द डेट यू हॅव’ असं लिहिलं, तर त्याला त्याच्याकडचा कागद उघडून रक्कम आणि तारीख लिहावी लागेल. ती आपल्याकडच्या आकड्यांशी जुळली नाही, तर भांडण पैसे जाण्याआधी होईल.